पान : परत

शुक्रवारी सकाळी नऊला, जुम्म्याच्या नमाजाआधी,
सूरमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात
नऊ मुलं, चार लॅपटॉप आणि एक शब्दकोश,
कुणी एकट्यानं लिहायचा नाही असं ठरलेला.

विकी म्हणजे काय, कैवल्यनं विचारलं.
म्हटलं, अशी वही, की तू लिहिलेलं ती खोडेल,
तिनं खोडलेलं तिसरा उठवून बसवेल,
आणि खोडरबराचा चुरासुद्धा वहीतच राहील.
"म्हणजे भांडण," तो म्हणाला.
हो, पण शुद्धलेखनासकट.

पहिलं भांडण धिरडं उलटायच्या त्या चपट्या वस्तूवरून.
निहार मालवणचा : कालथा.
तन्मयी पुण्याची : उलथनं, आणि तेच प्रमाण.
वर्ध्याच्या मिथिलानं दोन्ही पुसून लिहिलं : सराटा.
आठवडाभर सराटा रात्री जायचा, सकाळी हजर.
इतिहासाच्या पानावर तेवीस बदल मोजले मी.
लाल पेन सवयीनं हातात; टेकवायचं कुठं?
वीस वर्षं उत्तरं तपासली,
ती होताना कधी पाहिली नव्हती.

मग 'परत' आला.
इरावती : परत म्हणजे पुन्हा. मला परत भूक लागली.
कैवल्य : परत म्हणजे माघारी.
कासव रास अल जिन्झच्या वाळूत परत येतं,
जिथं जन्मलं तिथंच अंडी घालायला.
त्याखाली निहार : मी सूरच्या हॉस्पिटलात जन्मलो.
मग मी इथं परत येणार की इथून परत जाणार?
तन्मयीनं लगेच जोडलं : संदर्भ हवा.

मिथिलाचं वाक्य साधं होतं :
*सुट्टी संपली की आम्ही घरी परत येतो.*
पहाटे दोन चाळीसला कुणीतरी 'सुट्टी' काढून 'नोकरी' घातलं
आणि 'येतो'चं 'जातो' केलं.
खातं तिचंच. पण त्या वेळी मिथिला झोपलेली असते;
जागे असतात कल्हातच्या प्लांटवर
रात्रपाळीच्या खुर्चीत किरमे, तिचे बाबा,
समोर गॅसची ज्योत आणि चार आकडे.

सकाळी तिनं आपलं वाक्य जागेवर आणलं.
बदलाचं कारण : *बाबा, तुमचं वाक्य वेगळं आहे. खाली लिहा.*
त्यांनी खाली लिहिलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते,
ते इरावतीनं काही न बोलता सुधारले.

मार्चमध्ये बाबांचं वाक्य खरं झालं.
कार्गोचे सात खोके, शेजाऱ्यांना दिलेली मनीप्लांट,
आणि वर्गात एक खुर्ची, जिच्यावर आता
चार्जरच्या वायरी बसतात.
सोडून गेलेल्यांची खाती बंद करायची, हा नियम माझाच.
केलं नाही.

जूनच्या एका रात्री ते पान हललं.
*सुट्टी संपली की ते घरी परत जातात.*
आम्हीचं ते. येतोचं जातात.
कारणाची चौकट रिकामी.
व्याकरण निर्दोष होतं, मी दोनदा तपासलं.
शेजारीच बटण : पूर्ववत करा.
बोट तिथवर नेलं,
मग उठून गच्चीवरचे कपडे आणले.
मीठ धरलं होतं त्यांनी, दमट होते अजून.

शुक्रवारी मुलांना काही सांगितलं नाही.
त्यांना दिसलंच, दिसण्यासाठीच तर आहे ते.
कुणी हात लावला नाही, तन्मयीनंसुद्धा.
फक्त निहारनं चर्चेच्या पानावर लिहिलं :
*मिथिला, तिकडे सगळेच सराटा म्हणत असतील ना?
मग भांडतेस कुणाशी?*

उत्तर काल आलं.
वेळ अजून ओमानची दाखवतंय, रात्रीचे नऊ दहा :
*मामीकडे धिरडी होती.
मी चुकून कालथा द्या म्हटलं.
सगळे हसले.*